लिव्हिंग विल: काय लिहायचं, कुणाच्या हाती द्यायचं आणि ते कुठे अडतं

आयसीयूच्या दारात डॉक्टर विचारतात, “श्वासाची नळी टाकावी लागेल. सही करताय ना?” ज्याच्या घशात नळी जाणार, तो उत्तर द्यायच्या अवस्थेत नसतो. बाकावर बसलेला मुलगा, सून, भाचा, जो हाताशी असेल तो सही करतो; कारण सही केली नाही तर आपणच आईचा जीव घेतला, असं त्याला पुढे आयुष्यभर वाटत राहणार असतं. लिव्हिंग विल, म्हणजे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करायचं ते या घडीसाठी. त्यातला कायदेशीर भाग सोपा आहे, एका दुपारी उरकतो. अवघड काम त्याच्या आधीचं: आपल्याला नेमकं काय नको आहे हे शोधणं आणि ते आपल्या वतीनं बोलू शकेल असं माणूस निवडणं. हे न करता नोटरीकडे गेलात, तर हाती फक्त शिक्का मारलेला कागद राहतो.

कायदा कितपत साथ देतो

नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भरवणं थांबवावं, या पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेला सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी नकार दिला. पण त्याच निकालानं उपचार थांबवायला, म्हणजे निष्क्रिय दयामरणाला, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं वाट मोकळी केली. न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती पुढे आपल्याला लागणार आहे: अरुणाताईंच्या वतीनं बोलायचा हक्क रोज त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, याचिका करणाऱ्या व्यक्तीचा नाही.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये धरला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. मात्र घालून दिलेली रीत फार जड होती. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही, २० वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ, जिल्हाधिकाऱ्यानं नेमलेलं दुसरं वैद्यकीय मंडळ; इतकं सगळं मरणाच्या दारातल्या माणसासाठी कोण जुळवणार? २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं ती रीत सुटसुटीत केली. आज चालते ती ही २०२३ ची पद्धत. इंटरनेटवर फिरणारे बरेच नमुने अजून २०१८ चेच आहेत. नमुन्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची जागा दिसली की तो बाजूला ठेवा.

हे विल कधी लागू होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी भीती इथेच असते. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात: तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, आणि आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही. न्यूमोनिया झालेला पण औषधानं बरा होणारा पासष्टीचा माणूस, अपघातात सापडलेला तरुण, यांना डॉक्टर वाचवणारच. खिशात विल असलं तरी. तुम्ही शुद्धीवर असाल तर तुमचा तोंडी शब्दच चालतो, कागद नाही. आणि इंजेक्शन देऊन मृत्यू घडवून आणणं भारतात गुन्हा आहे. कोणत्याही विलमध्ये तसं लिहिता येत नाही, लिहिलं तर त्या वाक्याला किंमत नाही.

शब्दांचा एक घोळ मराठीत खास आहे. ‘इच्छापत्र’ म्हटलं की घरात सगळ्यांना मालमत्तेचं मृत्युपत्र आठवतं, आणि मग तो कागदही दागिन्यांबरोबर लॉकरमध्ये जातो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हा कागद माणूस जिवंत असतानाच लागतो, तोही रात्री दोन वाजता. म्हणून वरती ठळक ‘आगाऊ वैद्यकीय निर्देश’ असं लिहा आणि मालमत्तेचं एक अक्षर त्यात येऊ देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही आगाऊ निर्देश आहेत, पण ते मानसिक आजारावरच्या उपचारांपुरते. तो कागद वेगळा, त्याची रीत वेगळी.

न लावणं आणि काढणं

लिहायला बसण्यापूर्वी एका प्रश्नाशी घरात सगळ्यांनी थोडं झगडावं. व्हेंटिलेटर मुळात न लावणं आणि लावलेला काढणं, यात नैतिक फरक आहे का? वैद्यकीय नीतिशास्त्रात बहुसंख्य विचारवंतांचं आणि न्यायालयांचं उत्तर ‘नाही’ असं आहे: दोन्हींत माणूस मूळ आजारानं जातो, आपण फक्त आड येणं थांबवतो. मनाला मात्र फरक वाटतो. काढताना हात आपला असतो.

या भावनेचा व्यवहारात उलटा परिणाम होतो. ‘एकदा लावलं की काढता येणार नाही’ या धास्तीनं घरचे कधीकधी लावायलाच नकार देतात, आणि चार दिवसांच्या आधारानं उठून बसला असता असा माणूस जातो. किंवा लावतात आणि मग महिनोन् महिने कुणाच्यानं काही बोलवत नाही. यावर आयसीयूत वापरला जाणारा तोडगा म्हणजे मुदतीचा प्रयत्न: ठरलेल्या दिवसांपुरतं यंत्र लावायचं, काय सुधारलं तर पुढे जायचं हे आधीच ठरवायचं आणि त्या दिवशी बसून पाहायचं. विलमध्ये ‘व्हेंटिलेटर नको’ असं सरसकट लिहिण्यापेक्षा हा मुदतीचा प्रयत्न लिहावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१९७५ साली अमेरिकी तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी याच्याही पुढे जाऊन विचारलं होतं की मरू देणं आणि मारणं यांत तरी खरा फरक कुठे आहे. भारतीय न्यायालयानं ती रेघ कायम ठेवली आहे. वाद तत्त्वज्ञानात उघडाच आहे, पण तुमच्या कागदाला त्या रेघेच्या अलीकडेच राहावं लागेल.

आधी बोलणं, तेही नेमकं

आपल्या जवळच्या माणसाला आपलं मन कळतं, हा भरवसा तपासून पाहिलेला आहे. २००६ साली १६ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका परीक्षणात असं दिसलं की रुग्णाला कोणते उपचार हवे असतील हे नातेवाईक सुमारे ६८ टक्के वेळाच बरोबर सांगतात. तीनातला एक निर्णय चुकतो. आणि आधी यावर बोलणं झालं होतं त्या घरांतही आकडा सुधारलेला दिसला नाही. ‘मला हाल नकोत’, ‘मला खितपत ठेवू नका’ हे बोलणं म्हणजे बोलणं नव्हे. हाल कुणालाच नको असतात. प्रश्न असतो तो हाल कशाला म्हणायचं हा.

विषय काढायचा तरी कसा? ‘मला काही झालं तर’ असं म्हटलं की मुलं ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून उठून जातात. दुसऱ्याच्या आजारपणापासून सुरुवात केली की बोलणं सोपं जातं. “आई, जोशीकाकांना महिनाभर नळीवर ठेवलं होतं. तू असतीस तर तुला चाललं असतं का?” आई म्हणेल, “छे गं, मला नको बाई तसलं.” इथे थांबू नका. एकेक पायरीनं विचारा:

“महिना नको. पण आठ दिवसांनी उठून बसणार असं डॉक्टर म्हणाले तर?”

“उठून बसशील, पण डावा हात-पाय जाईल, बोलता येणार नाही. आम्ही ओळखीचे असू. मग?”

“आम्हाला ओळखणार नाहीस, पण भरवलं तर खाशील, गाणं लागलं की मान डोलवशील. त्यात न्यूमोनिया झाला, तर दवाखान्यात न्यायचं की घरीच गोळ्या द्यायच्या?”

“घरी जायचंय की शेवटपर्यंत दवाखाना?”

तिसरा प्रश्न सगळ्यात कठीण आहे. स्मृतिभ्रंश झालेली आई कदाचित समाधानी असते. कागद लिहिणाऱ्या, तल्लख असताना ‘असं जगणं नको’ म्हणणाऱ्या आईचं ऐकायचं, की समोर मान डोलवणाऱ्या आईचं? कायद्याचे तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन पहिल्या बाजूचे होते, कारण आयुष्याला आकार देणारा निर्णय तल्लख माणसाचा असतो. कायद्याच्या अभ्यासक रिबेका ड्रेसर दुसऱ्या बाजूच्या, कारण ज्याच्यावर उपचार होणार तो आत्ताचा माणूस आहे. तुमचा कौल कुठे आहे ते तुम्हीच लिहायला हवं. तुमच्या मुलांना त्या वेळी तो ठरवता येणार नाही आणि त्यांच्यावर टाकणंही बरं नाही. (विल बहुतेक वेळा फक्त उपचारांबद्दल बोलतं, हे लक्षात ठेवा. स्मृतिभ्रंश झाला म्हणून कुणी जेवण तोडत नाही.)

उत्तरं त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा. बदललेलं उत्तर हे तिचं नीट विचार केलेलं उत्तर असण्याची शक्यता जास्त.

तुमच्या वतीनं कोण

२०२३ च्या निर्देशांनुसार एकाहून जास्त ‘पालक’ (म्हणजे तुमच्या वतीनं निर्णय घेणारी माणसं) किंवा जवळचे नातेवाईक नेमता येतात. दोन नावं द्या आणि क्रम लिहा: पहिला उपलब्ध नसेल तर दुसरा. ‘दोघांनी मिळून ठरवावं’ असं लिहू नका. एकमत झालं नाही की डॉक्टर थांबतात, आणि थांबणं म्हणजे यंत्र चालू राहणं.

आपल्याकडे थोरल्या मुलाचं नाव आपोआप लिहिलं जातं. तो पुण्याला अन् तुम्ही साताऱ्याला, किंवा तो न्यू जर्सीत, तर हे नाव चुकीचं आहे. उपचार थांबवायचे का हे ठरवणाऱ्या रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळानं ४८ तासांत मत द्यावं अशी अपेक्षा आहे. तेवढ्या वेळात प्रत्यक्ष येऊन डॉक्टरांसमोर उभं राहू शकेल असं माणूस हवं. केईएमच्या प्रकरणात न्यायालयानं जो निकष लावला तोच घरात लावा: रोज तुमचं दुखणं-खुपणं कोण बघतं? बरेचदा ती सून असते, धाकटी मुलगी असते, लग्न न केलेला भाऊ असतो. जास्त प्रेम करणाऱ्यापेक्षा रडत रडत का होईना ‘हो, काढा’ म्हणू शकणारा निवडा. परदेशातल्या मुलाला दुसरं नाव द्या आणि फोनवर त्याला कारणासकट सांगा. नाहीतर आयसीयूत पाचव्या दिवशी विमानातून उतरलेला मुलगा ‘सगळं करा डॉक्टर’ म्हणतो आणि पाच दिवस ठाम राहिलेली बहीण गप्प होते. हा प्रसंग इतक्या घरांत घडतो की विलमध्ये त्यासाठी एक ओळ असावी: “माझ्या इतर नातेवाइकांचं मत वेगळं असल्यास वर नेमलेल्या व्यक्तीचा शब्द अंतिम मानावा.”

नेमलेल्या व्यक्तीची संमतीची सही घ्या. ती सक्तीची नाही, पण सही करताना माणूस पहिल्यांदा मन लावून वाचतो.

मजकूर

न्यायालयाला मजकुरात एवढं हवं आहे: कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार सुरू करू नयेत किंवा थांबवावेत ते स्पष्ट, संदिग्धता न ठेवता, परिणाम समजून लिहिल्याचं, कधीही रद्द करता येईल याचा उल्लेख, आणि नेमलेल्या व्यक्तींची नावं. लिहिणारा सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असावा, दडपणाखाली नसावा. शब्द मोघम असले तर मंडळ विल बाजूला ठेवतं आणि विल नसलेल्या रुग्णासारखं प्रकरण चालवतं. म्हणजे सगळी मेहनत वाया.

प्रत्येक उपचार म्हणजे काय हे कळल्याशिवाय त्याबद्दल लिहू नका.

हृदय थांबल्यावर छाती दाबतात, त्याला सीपीआर म्हणतात. छातीच्या मधल्या हाडावर तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल. सत्तरी ओलांडलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या बरगड्या यात मोडतात आणि तो मोडण्याचा आवाज जवळ उभ्या असलेल्यांना ऐकू येतो. झटका येऊन अचानक कोसळलेला माणूस या दाबानं परत येऊ शकतो, त्याच्यासाठी हे वरदान आहे. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगात हृदय थांबतं ते सगळं शरीर थकल्यामुळे. तिथे दाबून मागे काही येत नाही, शेवटची दहा मिनिटं तेवढी घरच्यांच्या हातून जातात. ‘प्रयत्न करू नये’ अशी डॉक्टरांची नोंद, ज्याला रुग्णालयात डीएनआर म्हणतात, त्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ती नोंद केस पेपरवर असावी लागते. तुमच्या विलमधलं वाक्य रात्रपाळीच्या नर्सला माहीत नसतं.

व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते. बोलता येत नाही, गिळता येत नाही. नळी ओढू नये म्हणून गुंगी देतात, बरेचदा हात पट्टीनं बांधतात. साधारण १० ते १४ दिवसांत सुटका झाली नाही तर गळ्याला छेद देऊन तिथून नळी टाकण्याचा विचार होतो. डायलिसिस, म्हणजे किडनीऐवजी यंत्रानं रक्त गाळणं, आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेला चार तासांच्या आसपास. रक्तदाब टिकवायची औषधं शिरेतून थेंबाथेंबानं चालतात. ती बंद केली की तासाभरात मृत्यू येऊ शकतो, हे नेमलेल्या माणसाला आधी माहीत हवं.

नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब ही आपल्या घरांतली सगळ्यात मोठी अडचण. व्हेंटिलेटर काढायला तयार होणारी माणसंही ‘अन्न कसं तोडायचं’ इथे अडतात. भरवणं हे आपल्याकडे प्रेमाचं पहिलं आणि शेवटचं काम आहे, त्यामुळे ही घालमेल समजण्यासारखी आहे. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. पण ते शुद्धीवर होते, स्वतः मान हलवून नाही म्हणू शकत होते. बेशुद्ध माणसाच्या वतीनं ते कुणी म्हणायचं? इथे एक वैद्यकीय गोष्ट धीर देते. मरणाकडे निघालेल्या शरीराची भूक आणि तहान हळूहळू विझते. नळीतून ढकललेलं अन्न कधीकधी छातीत जाऊन न्यूमोनिया करतं, पायांवर सूज आणतं. कोरड पडते ती तोंडाला, आणि ती ओल्या कापसानं, बर्फाच्या खड्यानं, ओठांवर तूप-व्हॅसलीन लावून जाते. विलमध्ये ‘नळीनं अन्न देऊ नये’ असं लिहिलंत तर लगेच पुढे हेही लिहा: ‘मागितलं तर, गिळता आलं तर, चमच्यानं द्यावं, तोंड ओलं ठेवावं.’ या एका ओळीनं घरच्यांच्या मनावरचा दगड उतरतो. नळीबद्दल निर्णय होत नसेल तर तो विषय मोकळा ठेवा आणि नेमलेल्या माणसावर सोपवल्याचं लिहा. अर्धवट मनानं लिहिलेला नकार नको.

मजकुराचा गाभा असा असू शकतो. शब्द आपापले घाला:

“मला बरा न होणारा आजार झाला असेल, किंवा मी पुन्हा माणसं ओळखू शकणार नाही एवढी इजा माझ्या मेंदूला झाल्याचं डॉक्टरांचं मत असेल, आणि त्या वेळी मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर हृदय थांबल्यावर छाती दाबून किंवा शॉक देऊन ते सुरू करू नये. डायलिसिस सुरू करू नये. चालू असल्यास थांबवावं.

बरं होण्याची शक्यता स्पष्ट नसेल तर व्हेंटिलेटर ७ दिवस लावून पाहावा. सातव्या दिवशी डॉक्टरांनी खालील व्यक्तींशी बोलावं. सुधारणा नसेल तर तो काढावा. काढताना दम लागू नये, वेदना होऊ नयेत म्हणून लागतील तेवढी औषधं द्यावीत, मग त्यानं गुंगी आली तरी चालेल.

मला स्वच्छ ठेवणं, वेदना कमी करणं, तोंड ओलं ठेवणं आणि माझी माणसं जवळ असू देणं हे कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये.

इथे न लिहिलेली परिस्थिती आली तर खालील व्यक्ती ठरवतील. त्यांचा निर्णय माझ्या शब्दांशी तंतोतंत जुळला नाही तरी तो माझाच समजावा.”

सात दिवस हा आकडा फुप्फुसाच्या आजाराला ठीक. मेंदूला मार लागला असेल तर सात दिवसांत काहीच कळत नाही; तिथे मुदत आठवड्यांत धरा आणि मेंदूतज्ज्ञांच्या मतावर सोडा. शेवटचं वाक्य घालावं की नाही हा तुमच्या स्वभावाचा प्रश्न आहे. ६८ टक्क्यांचा आकडा आठवा. आपल्या शब्दांपासून एक पाऊलही हलू नये असं वाटत असेल तर ते वाक्य काढा. मुलांना अपराधी वाटू नये हे जास्त महत्त्वाचं वाटत असेल तर ठेवा.

अवयवदान करायचं असेल तर आणखी एक ओळ लागतेच. मेंदूमृत्यूनंतर अवयव टिकावेत म्हणून काही तास व्हेंटिलेटर चालू ठेवावा लागतो, आणि ‘व्हेंटिलेटर नको’ या वाक्याशी ते भांडतं. “अवयवदानासाठी गरजेपुरतं यंत्र चालू ठेवायला माझी संमती आहे” असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

मराठीत लिहिलेलं विल पूर्ण वैध आहे. पण हैदराबाद किंवा बंगळुरूच्या आयसीयूत ते वाचणार कोण? इंग्रजी प्रतही करा, दोन्हींवर त्याच दिवशी सह्या घ्या आणि फरक आढळल्यास कोणती प्रमाण, ते लिहा. मुलांकडे सहा-सहा महिने परदेशी राहणाऱ्यांनी तिथल्या राज्याचा किंवा देशाचा वेगळा फॉर्म भरावा. भारतातलं विल तिथे तुमची इच्छा म्हणून दाखवता येईल, तिथल्या रुग्णालयाला ते बंधनकारक असेलच असं धरून चालू नका.

सह्या आणि प्रती

दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे; वारसदार नकोत, उपचार करणारे डॉक्टरही नकोत. सोसायटीतले दोन शेजारी उत्तम. त्यांच्यासमोर सही करायची, त्यांनी सह्या करायच्या, आणि हे सगळं नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर. साक्षीदार आणि अधिकारी यांनी ‘हे स्वेच्छेनं, दडपणाशिवाय, परिणाम समजून केलं आहे’ असं आपलं समाधान नोंदवायचं असतं. नोटरीच्या नेहमीच्या शिक्क्यात ही ओळ नसते, म्हणून ती तुमच्या मजकुरातच टाइप करून न्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणीची गरज नाही. निर्देशांत मुद्रांक कागदाची अट नाही. नोटरी मागत असेल तर आधी फोन करून विचारून घ्या, फेरी वाचते. प्रत्येक पानावर सही करा. वय पंचाहत्तरीच्या पुढे असेल किंवा विसरभोळेपणा सुरू झाला असेल, तर त्याच आठवड्यातलं ‘निर्णय घेण्यास सक्षम’ असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. अंगठा असेल तर मजकूर मोठ्यानं वाचून दाखवल्याची नोंद करा.

मग प्रती. नेमलेल्या दोघांना एकेक, फॅमिली डॉक्टरांना एक, आणि एक तुमच्या महापालिकेला, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला. तिथल्या सक्षम अधिकाऱ्यानं विल जपायला ‘कस्टोडियन’ म्हणजे अभिरक्षक नेमायचा असतो. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये राज्यभर असे ४०० हून अधिक अभिरक्षक नेमले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं विल नोंदवून तिथली सुरुवात केली.

प्रत्यक्षात खिडकीवरचा कारकून ‘असलं काही आमच्याकडे नाही’ म्हणण्याची शक्यता आहेच. वाद घालू नका. आरोग्य विभागाच्या प्रमुखांच्या नावानं चार ओळींचं पत्र जोडा, त्यात २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाचा उल्लेख करा, आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. गावात तेच ग्रामपंचायतीत. हा शिक्का पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण रुग्णालयाला विलचा खरेपणा अभिरक्षकाकडून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीतून तपासायचा असतो.

रुग्णालयात काय घडतं आणि कुठे अडतं

विल दाखवल्यावर लगेच यंत्र बंद होत नाही. आधी रुग्णालय प्राथमिक मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान ५ वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. ते रुग्णाला तपासून शक्यतो ४८ तासांत मत देतात. मग दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ, पुन्हा शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळं सहमत, नेमलेल्या व्यक्तीची संमती, आणि अंमलापूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवणं. कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. हा फरक रुग्णालयाच्या कायदा विभागालाही कधीकधी सांगावा लागतो.

सगळ्यात जास्त अडतं ते दुसऱ्या मंडळात. लहान रुग्णालयाकडे जिल्ह्याचा नामनिर्देशित डॉक्टर कोण याची माहिती नसते आणि दिवस जातात. म्हणून पहिल्या दिवशीच विलची प्रत देऊन पोच घ्या, केस पेपरवर ‘आगाऊ निर्देश उपलब्ध’ अशी नोंद करायला सांगा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेखी विचारा: प्राथमिक मंडळ कधी बसणार? शक्य असेल तर ज्या रुग्णालयात तुम्ही जाणार आहात तिथे धडधाकट असतानाच विचारून ठेवा. मंडळानं नकार दिला तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. विल नसलं तरी हीच दोन मंडळं बसू शकतात, मग संमती जवळच्या नातेवाइकांची. पण तेव्हा ‘आईला काय हवं होतं’ यावरच भांडण होतं.

वाट पाहून कंटाळलेली घरं एक पळवाट काढतात: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेतो म्हणून सही करून रुग्णाला ॲम्ब्युलन्समधून घरी आणतात. यंत्र सुटतं, पण त्याबरोबर वेदनेची औषधंही सुटतात, आणि माणूस घरच्या पलंगावर श्वासासाठी धडपडत जातो. घरी न्यायचंच असेल तर आधी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदनाशामक उपचारांच्या डॉक्टरांना बोलवा. मॉर्फिन कोण देणार, किती तासांनी, दम वाढला तर डोस किती, रात्री फोन कुणाला, हे कागदावर घेऊन मगच निघा. दम आणि वेदना आटोक्यात ठेवण्यापुरतं मॉर्फिन देणं हे दयामरण नाही. हेतू वेदना शमवण्याचा असतो आणि डोस वेदनेकडे बघूनच वाढवतात. नीतिशास्त्रात थॉमस अक्वायनसच्या काळापासून हा भेद केला जातो. घरातल्या कुणाला ‘त्या इंजेक्शननंच गेले’ असं वाटू नये म्हणून हे आधी समजावून सांगा.

पुन्हा पाहणं

दर दोन वर्षांनी, आणि कर्करोग, पक्षाघात, किडनीचा आजार असं काही नवं निदान झालं की त्याच महिन्यात, विल पुन्हा वाचा. जोडीदार गेला किंवा नेमलेलं माणूस गाव सोडून गेलं तरीही. रद्द करायचं तर लेखी करा, केव्हाही करता येतं. दोन विल सापडली तर शेवटी सही केलेलं धरलं जातं. पण रात्री दोन वाजता तारखा कुणी ताडून बघत नाही, म्हणून जुन्या सगळ्या प्रती गोळा करा, प्रत्येकीवर ‘रद्द’ लिहून सही-तारीख टाका आणि अभिरक्षकाकडे व फॅमिली डॉक्टरांकडे तसं पत्र द्या. नव्या विलची प्रत कुठे ठेवली आहे आणि नेमलेल्या दोघांचे फोन नंबर काय, एवढं एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा. रुग्णालयात भरती करताना सगळ्यात आधी तेच उघडलं जातं.